किरकोळ

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला पैशातलं काहीतरी कळत असणार, असा समाजात एक गैरसमज आहे. तो दूर करण्याच्या फंदात मी कधी पडलो नाही. लग्न ठरताना तो उपयोगी पडला, सोसायटीचा खजिनदार निवडताना अंगाशी आला. एकंदरीत जमाखर्च बरोबरीत सुटला. खरं सांगायचं तर काउंटरच्या आतल्या माणसाला पैसा जितका दिसतो तितका कळत नाही. लग्नघरातल्या पाणक्याला पक्वान्नांतलं जितकं कळतं, तितकंच.

हे मला २०१९ सालच्या उन्हाळ्यात कळलं, आणि कळवलं आमच्या शाखेतल्या एका पेन्शनर बाईंनी. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. सातवीपर्यंतचं गणित शिकवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. अख्खी शाखा त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. आमचे मॅनेजरसाहेबसुद्धा त्या आल्या की खुर्चीत सरळ बसतात. तर बाईंचा मुलगा नोकरीनिमित्त बँकॉकला होता आणि बाई दोन महिने त्याच्याकडे निघाल्या होत्या. जायच्या आधी त्या माझ्या खिडकीशी आल्या.

“अहो, तिथं यंत्रातून पैसे काढले तर किती कापतात?”

वेळ पावणेदोनची. रांगेत अकरा माणसं आणि ड्रॉवरमध्ये न उघडलेला डबा. मी मान वर न करता म्हणालो, “किरकोळ, बाई.”

दोन महिन्यांनी बाई परत आल्या. येताना आमच्यासाठी सुक्या आंब्याचं पाकीट आणि माझ्या एकट्यासाठी पासबुक घेऊन आल्या. पासबुक त्यांनी माझ्यासमोर उघडं ठेवलं. नापास मुलाच्या बापापुढे उत्तरपत्रिका ठेवावी, तसं.

बाईंनी नऊ वेळा पैसे काढले होते. दर वेळी दोन हजार बाट. बाट हे थायलंडचं नाणं. आपला रुपया तिथं गेला की बाटतो, हे लक्षात ठेवायला सोपं. जवळ जास्त रोकड बाळगायची भीती, म्हणून आठवड्याला एकदा जायचं, लागतील तेवढेच काढायचे. भाजी आणायची, नातवाला आइस्क्रीम घ्यायचं, सुनेच्या वाढदिवसाला काहीतरी. “मुलगा देतो हो मागितले तर,” बाई म्हणाल्या, “पण मागायला लागू नयेत म्हणून तर पेन्शन असते.”

मग त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, “आता शेकडा किती पडले ते मांडा.”

पासबुकातल्या इंग्रजी आद्याक्षरांच्या जंजाळातून वाट काढत मी मांडलं. दर सोयीसाठी सव्वादोन रुपयांना एक बाट धरला. हातात पडले २,००० बाट, म्हणजे ४,५०० रुपये. परदेशी कार्ड दिसलं म्हणून तिथल्या यंत्राच्या मालक बँकेनं घेतले २२० बाट. म्हणजे खात्यावर बोजा २,२२० बाटचा, अर्थात ४,९९५ रुपये. त्यावर बाईंचं कार्ड ज्या बँकेचं, तिचा चलनबदलाचा अधिभार साडेतीन टक्के, म्हणजे १७५ रुपये. पुन्हा परदेशी यंत्र वापरल्याबद्दल ठोक १२५ रुपये. आणि या दोन्हींवर अठरा टक्क्यांनी जीएसटी ५४ रुपये. एकूण ५,३४९. साडेचार हजार हाती यायला आठशे एकोणपन्नास जादा.

“शेकडा?” बाईंनी विचारलं.

“अठरा रुपये शहाऐंशी पैसे,” मी म्हणालो. नऊ वेळचे मिळून सात हजार सहाशेच्या वर. तेच अठरा हजार बाट एकदम काढले असते, तर २,३३६ रुपयांत भागलं असतं. ठोक आकार एकदाच बसला असता ना!

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मी मुलांना सावकाराची गणितं घालत असे. त्यातल्या सावकारानं शेकडा अठरा वर्षाला घेतले, तरी मुलं म्हणत, बाई, किती दुष्ट! हे तर एका मिनिटाचे अठरा. किरकोळ म्हणजे किती हे तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. चूक दोघांची.”

त्या रात्री मला डबा गोड लागला नाही. हे मी ‘ही’ला सांगितल्यावर ती म्हणाली, “डबा दुपारचा होता.” पण मुद्दा तो नव्हता. परमुलखात स्वतःचेच पैसे हातात घेण्यासाठी माणसाला पूर्वीपासून असाच भुर्दंड पडतो की ही आमच्याच पिढीची कमाई, हे एकदा पाहावं, असं मनात आलं. वाणिज्य शाखेचा पदवीधर इतिहासाकडे वळतो तो असाच, हिशेब न जुळल्यावर.

पहिला पुरावा घरातच सापडला. आमचे आजोबा मराठवाड्यातले. ते परदेशी कधी गेले नाहीत, फक्त मनमाडला जात. पण त्या काळी मनमाड हाच परदेश होता. आजोबांच्या गावात निजामाचा हाली सिक्का चाले आणि रेल्वेनं मनमाडला उतरलं की इंग्रजांचा कलदार. सात हाली दिले की सहा कलदार, हा सरकारी भाव. पण सरकारी भावानं सरकारच व्यवहार करतं. आजोबांना नाणी बदलून देणारा वर थोडा बट्टा कापून घेई. हाली सिक्का १९५०च्या दशकात इतिहासजमा झाला, पण आजोबा अखेरपर्यंत मनमाडचं नाव निघालं की खिसा चाचपून बघत.

हा बट्टा फार जुना. मोगल टांकसाळीतून ताजा पडलेला रुपया पुऱ्या मानाचा. वर्ष उलटलं की तोच रुपया चार हात फिरून झिजला असणार, म्हणून त्यावर बट्टा. दुसऱ्या मुलखातला असेल तर आणखी बट्टा. नाणं दगडावर घासून, कानाशी वाजवून, तराजूत घालून त्याची लायकी ठरवणारा तो सराफ. इंग्रजांनी त्याचा ‘श्रॉफ’ केला. आपल्यात पोतदार आणि नाणावटी ही आडनावं त्याच धंद्यातून आली. आणि बट्टा हा शब्द तर नाण्यांवरून घसरून माणसांवर आला. अमक्यानं घराण्याच्या नावाला बट्टा लावला, असं आपण म्हणतो तेव्हा मुळात एका झिजलेल्या रुपयाची आठवण काढत असतो.

नाणी वाहून न्यायची तर वाटेत चोर. वसईच्या नव्हे, पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे भटजींना विचारा. कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून ते १८५७ साली उत्तरेकडे गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, मिळवलेलं लुटलं गेलं, आणि अखेर घरी पोचले ते गंगेची कावड घेऊन. पाणी कोणी लुटत नाही. निदान तेव्हा लुटत नव्हते.

ज्यांना पाण्यापेक्षा पैसा घरी न्यायचा असे, त्यांच्यासाठी हुंडी होती. इथं सावकाराकडे रक्कम भरा, चिठ्ठी घ्या, तिकडे त्याच्या पेढीवर दाखवा. दाखवताच पैसे मिळाले तर ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. हुंडी हरवली तर ‘पेठ’ नावाची दुसरी प्रत मिळे. तीही हरवली तर ‘परपेठ’. हे वाचताना, माझं कार्ड हरवलं तेव्हा ग्राहकसेवेच्या टेलिफोनवर ऐकलेलं तासाभराचं संगीत मला आठवलं. असो. या सगळ्याबद्दल जे द्यावं लागे त्याला मराठीत भारदस्त शब्द आहे : हुंडणावळ. फॉरेन एक्स्चेंजला आपल्याकडे ‘परकीय हुंडणावळ’ म्हणत. दळणावळ, शिलाई, हुंडणावळ, सगळी मजुरीच.

ही मजुरी किती होती? इथं तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या उपयोगी पडतो. सतराव्या शतकात तो हिऱ्यांच्या व्यापारासाठी हिंदुस्थानात अनेक वेळा येऊन गेला, आणि १६७६ साली त्याचं प्रवासवर्णन छापून निघालं. इतर प्रवासी ताजमहालाची वर्णनं करतात. हा गृहस्थ हुंडीचे दर लिहून ठेवतो. बँकेत शोभला असता. सुरतेवरच्या हुंडीला अहमदाबादेत शेकडा एक ते दीड, बऱ्हाणपुरात अडीच ते तीन, काशीला सहा, लाहोरला सव्वासहा आणि थेट ढाक्याला दहा. हे दर इतके चढे का, तेही तो सांगतो. व्यापाऱ्याचा माल वाटेत लुटला गेला, तर पैसे देणाऱ्याची रक्कम बुडायची. म्हणजे त्या दहा टक्क्यांत अख्खा हिंदुस्थान ओलांडायचा, दोनेक महिन्यांचं व्याज सोसायचं आणि दरोडेखोरांचा विमाही उतरायचा.

मी कागदावर बाईंचे १८.८६ लिहिले आणि त्याखाली ढाक्याचे १० लिहिले. बाईंच्या यंत्राला कुठलेही दरोडेखोर आडवे आले नव्हते. ते थंडगार काचेच्या खोलीत होतं.

परमुलखात हुंडी वटली नाही की काय होतं, हे मराठ्यांइतकं कुणाला कळलं नसेल. १७६० साली भाऊसाहेब पेशवे दिल्लीत होते. सैन्य मोठं, तिजोरी रिकामी, पुणं शेकडो कोस दूर. अखेर लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडले. सुमारे नऊ लाख निघाले. एवढ्या लष्कराला ते महिनाभर पुरले. सूरजमल जाट भाऊंवर नाराज होऊन निघून गेला, त्या कारणांत या छताचीही गणना करतात. परगावी रोकड काढण्याचा खर्च नेहमी टक्क्यांतच मोजता येतो असं नाही.

तिकडे विलायतेत हीच अडचण साहेबलोकांना सतावत होती. १७७२ साली रॉबर्ट हेरीस नावाच्या स्कॉटिश बँकरनं लंडनमध्ये एक युक्ती काढली. युरोपच्या सहलीला निघालेल्यानं लंडनला पैसे भरून ठरावीक रकमेच्या ‘सर्क्युलर नोटा’ घ्यायच्या. वाटेतल्या शहरांत त्याच्या अडत्यांकडे त्या वटवायच्या. आणि कमिशन? अजिबात नाही! हे वाचून मी दचकलो. फुकट काम करणारा बँकर म्हणजे उपाशी हलवाई. मग खुलासा झाला. प्रवासी पैसे आज भरी आणि नोटा वटत दोन-चार महिन्यांनी. मधल्या काळात पैसे हेरीसकडे आणि व्याजही हेरीसकडे. प्रवाशाला वाटे, फुकट मिळालं.

माझ्या मते परदेश प्रवासातल्या पैशाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा शोध. चाकाच्या शोधाइतका. आकार नाहीसा करायचा नाही. तो प्रवाशाला दिसणार नाही अशा जागी नेऊन ठेवायचा. घरी पाहुणे आले की ‘ही’ इस्त्रीचे कपडे पलंगाखाली सारते, तसा. खोली स्वच्छ दिसते. कपडे तिथंच असतात.

पुढचा शोध अमेरिकेचा. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीचे अध्यक्ष फार्गोसाहेब १८९०च्या सुमारास युरोपात गेले. खिशात बड्या बँकेचं पतपत्र. पण मोठी शहरं सोडली की त्याला कोणी विचारीना. एवढ्या मोठ्या माणसाला पैसे मिळत नाहीत म्हणजे काय! परत आल्या आल्या त्यांनी आपल्या हाताखालच्या मार्सेलस बेरी या माणसाला कामाला लावलं, आणि १८९१ साली ट्रॅव्हलर्स चेक जन्माला आला. घेताना एक सही, वटवताना दुसरी. दोन्ही जुळल्या की पैसे. जगात शोध लागतात ते असेच, साहेबाची गैरसोय झाल्यावर. कारकुनाची गैरसोय झाली असती तर अजून फाइलच फिरत असती. इथंही खरी कमाई हेरीसचीच : लोकांनी विकत घेतलेले आणि अजून न वटवलेले चेक. कित्येक चेक ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहत, आणि कंपनी त्यांच्या दीर्घायुष्याची प्रार्थना करी.

आपल्याकडे या भानगडी फार झाल्या नाहीत, कारण काढायला पैसेच नसत. १९७०च्या सुमारास अमेरिकेला शिकायला जाणारा मुलगा आठ डॉलर खिशात घालून विमानात चढे. १९७३चा ‘फेरा’ कायदा असा कडक, की डॉलर बाळगणं आणि पिस्तूल बाळगणं यांत पोलिसांनाच फरक कळत असावा. आठ डॉलरांवर कोण किती बट्टा घेणार? पुढे २००० साली ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ आला, २००४ पासून सामान्य माणसाला रीतसर परकी चलन नेण्याची मोकळीक मिळाली, आणि बट्टा घेण्याजोगे आपणही झालो. प्रगती म्हणतात ती हीच.

आणि आता ते यंत्र. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफिल्ड इथं बार्कलेज बँकेच्या भिंतीत ते पहिल्यांदा बसलं. रेग व्हार्नी नावाच्या नटानं पहिले पैसे काढले. कार्ड नव्हतं, किंचित किरणोत्सर्गी शाई लावलेला कागदी चेक आत सरकवायचा, की दहा पौंड बाहेर. ही कल्पना ज्यांची, ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले आपल्या शिलाँगमध्ये. शनिवारी बँक बंद झाली, पैसे मिळाले नाहीत, आणि चॉकलेटच्या यंत्रावरून त्यांना हे सुचलं. गुप्त आकडा सहा अंकी ठेवायचा होता, पण त्यांच्या पत्नीला चारच लक्षात राहत, म्हणून चार. नवऱ्याच्या शोधात बायकोची दुरुस्ती, हे मात्र सर्व देशांत बट्ट्याशिवाय चालणारं नाणं.

आपल्याकडे मुंबईत हे यंत्र १९८७ साली आलं. तोवर परदेशात ‘सिरस’ आणि ‘प्लस’ अशी जाळी विणली गेली होती, दोन्ही १९८२ची. एका बँकेचं कार्ड दुसरीच्या यंत्रात, मग दुसऱ्या देशातल्या यंत्रात चालू लागलं. पण यंत्राच्या पोटात आता एक सराफ राहिला नाही. तीन-चार राहायला आले. यंत्राचा मालक आपला ठोक घेतो. मधलं जाळं आपला भाव लावतं. आपली बँक अधिभार लावते. सरकार त्यावर कर लावतं. प्रत्येकाला विचारलं, तर तो खरोखरच सांगतो : आमचं काय, किरकोळ!

कुणी मनावर घेतलं तर हे थांबतं, हेही इतिहासात आहे. युरोपीय संघानं नियम केला, की १ जुलै २००२पासून संघातल्या कुठल्याही देशात युरो काढले, तर घरच्या देशात लागेल त्याहून जास्त आकार घ्यायचा नाही. सगळी यंत्रं तीच, तारा त्याच. आदल्या दिवशी जो खर्च टाळता येत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी टळला.

पुढच्या खेपेला बाई शाखेत आल्या, तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली आणि हे सगळं सांगितलं. तावेर्निएचे दर त्यांनी पेन्सिलीनं उतरवून घेतले. मग म्हणाल्या, “त्या यंत्रानं मला आणखी एक विचारलं होतं. तुमच्या सोयीसाठी रुपयांत हिशेब करून देऊ का? मी ‘नको’ दाबलं.”

मी थक्क झालो. कारण हा ताजा सापळा आहे. ‘हो’ म्हटलं, की भाव यंत्रवाला ठरवतो, आणि तो आपल्या सोयीचा ठरवतो, आपल्या म्हणजे त्याच्या. त्या देशाच्याच चलनात हिशेब ठेवा म्हणावं, तर भाव कार्डाच्या जाळ्याचा लागतो आणि तो बहुधा बरा असतो. “हे तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“चौतीस वर्षं वर्गात होते. न विचारता मदतीला येणाऱ्या मुलाच्या वहीत आधी बघावं.”

मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “पूर्वी सराफ समोर बसलेला असायचा हो. नाणं खोटं आहे म्हणाला, तर भांडता यायचं. या यंत्राशी काय भांडणार?”

हे वाक्य मला लागलं. कारण मालक, जाळं, बँक, सरकार या सगळ्या साखळीत बाईंना डोळ्यांनी दिसलेला आणि विचारता आलेला एकमेव माणूस मी होतो. भिंतीतल्या यंत्राच्या आधी त्या माझ्याकडे आल्या होत्या. आणि मी डब्यासाठी त्यांना एका शब्दात वाटेला लावलं होतं. नाणं मीच न वाजवता दिलं होतं.

त्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये डब्याशेजारी मी एक कागद ठेवतो. परदेशी निघालेलं कुणी आलं, की त्याची झेरॉक्स देतो. त्यावर चार ओळी आहेत. आपल्या कार्डाचा अधिभार आणि ठोक आकार जाण्याआधी लेखी विचारून घ्या. थोडी रोकड इथूनच बदलून न्या. यंत्रातून काढायचे तर थोडे थोडे नकोत, एकदम काढा आणि जपून ठेवा. यंत्र रुपयांत हिशेब करू म्हणालं, तर नको म्हणा. बाईंनी मसुदा तपासला. ‘शक्यतो’ हा शब्द मी तीन ठिकाणी लिहिला होता, तिन्ही खोडले. “शक्यतो हा तुमच्या किरकोळचाच भाऊ,” म्हणाल्या.

मध्ये साथीची वर्षं गेली. २०२३ साली बाई पुन्हा बँकॉकला जाऊन आल्या. या वेळी परकराला आतून चोरखिसा शिवला होता आणि वीस हजार बाट एकदमच काढले होते. परत आल्या त्या थेट माझ्या खिडकीशी. वेळ पुन्हा पावणेदोनचीच. पासबुक पुढे सरकवून त्यांनी विचारलं, “या वेळी कसं काय?”

पासबुक बघितलं. आकार बसलाच होता, पण पहिल्यापेक्षा फारच कमी. रांगेत नऊ माणसं होती, ड्रॉवरमध्ये डबा होता, आणि तो शब्द अगदी जिभेवर आला होता. तो गिळला. पेन्सिल मागून घेतली, मांडलं आणि मान वर करून म्हणालो, “बाई, शेकडा पाच रुपये अठ्ठावन्न पैसे.”

बाईंनी पासबुक मिटलं. “सुधारणा आहे,” त्या म्हणाल्या.

ती कार्डात आहे की माझ्यात, हे मी विचारलं नाही.